आकडा ओळखायचा खेळ: नशीब किती, डोकं किती?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात एक ते शंभरमधला आकडा ओळखायचा खेळ चालतो. सहावीतला भाचा मनाला येईल तो आकडा फेकतो आणि तरी बरेचदा जिंकतो. वहीत खेळायच्या बुल-काऊमध्येही (लपवलेला चार अंकी आकडा ओळखायचा खेळ, नियम पुढे येतील) कधी चौथ्या प्रयत्नात सुटतं, कधी नवव्यात. मग हे सगळं नशीबच म्हणायचं का? आणि तसं असेल, तर ओळखीतले एक काका मटक्याचे चार्ट, म्हणजे जुन्या निकालांचे तक्ते, मांडून बसतात, त्यांच्या ‘अभ्यासा’त तरी काही तथ्य आहे का?

आकडा तिन्हीकडे ओळखायचा असला तरी हे तीन खेळ एका पंगतीत बसणारे नाहीत. मी बरीच वर्षं संभाव्यता शिकवतो, आणि असा कुठलाही खेळ समोर आला की आधी एकच गोष्ट बघतो: आकडा सांगितल्यावर समोरून उत्तर काय येतं? ‘लहान’, ‘मोठा’, ‘एक बुल दोन काऊ’ असं काही येत असेल, तर त्या उत्तरात जेवढं कळतं तेवढी नशिबाची जागा कमी होते. उत्तर काहीच येत नसेल, तर तिथे हुशारी लावायला जागाच नाही.

आधी एक ते शंभर. उत्तर ‘लहान’ किंवा ‘मोठा’, म्हणजे लपवलेला आकडा विचारलेल्याहून लहान की मोठा. पहिल्यांदा ५० विचारायचा हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण का, हे विचारलं की गडबड होते. ५० असण्याची शक्यता जास्त, असं अनेकांना वाटतं. तसं मुळीच नाही. पहिल्या फटक्यात ५० बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक. ७ चीही तेवढीच, ९९ चीही तेवढीच. फरक पडतो तो आकडा चुकल्यावर. ७ चुकला तर बहुधा ‘मोठा’ असं उत्तर येणार आणि शोधायला ९३ आकडे उरणार. ५० चुकला तर उत्तर काहीही येवो, खाली ४९ किंवा वर ५०, याहून जास्त उरतच नाहीत. पहिला आकडा शंभरातल्या नव्याण्णव वेळा चुकणारच आहे, तर चुकल्यावरही पदरात जास्तीत जास्त पडेल असाच आकडा विचारायचा. पुढच्या सगळ्या खेळातही हेच.

निम्मं-निम्मं करत गेलं की पहिल्या प्रयत्नात १ आकडा सुटतो, दुसऱ्यात २, मग ४, ८, १६, ३२. सहा प्रयत्नांत ६३ आकडे आटोपतात आणि उरलेल्या ३७ आकड्यांना सातवा प्रयत्न लागतो. आठवा कधीच लागत नाही. सरासरी काढली तर ५.८ येते. हीच रीत दहा लाखांपर्यंतच्या आकड्याला लावली तर २० प्रयत्न पुरतात. वर्गात हे सांगितलं की कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून मी फळ्यावर दहा लाखांचे निम्मे, त्याचे निम्मे असं करत जातो.

आता भाचा. तो ‘कसाही’ फेकतो असं तुम्ही म्हणता, पण मला शंका आहे. ६० ला ‘लहान’ असं उत्तर मिळाल्यावर तो ७५ नक्कीच विचारत नसणार. म्हणजे उरलेल्या पट्ट्यातला कुठलाही एक आकडा तो उचलतो, बरोबर मधला शोधत बसत नाही एवढंच. अशा खेळाडूची सरासरी हिशेबाने ७.५ च्या आसपास येते. आणि उत्तराकडे पूर्ण दुर्लक्ष करून, फक्त एकदा विचारलेला आकडा पुन्हा विचारायचा नाही एवढंच पाळणाऱ्याची सरासरी? ५०.५.

हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहा: ५०.५, ७.५, ५.८. डोक्याचं बहुतेक काम उत्तर नीट ऐकण्यातच होऊन जातं, आणि ते भाचा करतोच आहे. बरोबर मध्य गाठायचं कसब त्यावर पावणेदोन प्रयत्न वाचवतं, त्याहून जास्त नाही. एका डावात एवढा फरक सहज झाकला जातो, म्हणून तो जिंकतो. तीस-चाळीस डाव वहीत मांडून प्रयत्नांची बेरीज करा, चित्र साफ होईल. तुमच्या रकान्यात सातच्या वर आकडा दिसणार नाही. त्याच्या रकान्यात दहा आणि अकराही दिसतील. ते डाव मुलं विसरतात, दोन प्रयत्नांत जिंकलेला मात्र आठवडाभर सांगत फिरतात.

आकडा मनात धरणारा माणूस असतो, चिठ्ठी नव्हे, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. मायक्रोसॉफ्टचे माजी प्रमुख स्टीव्ह बामर नोकरीच्या मुलाखतीत हाच खेळ विचारत. पहिल्या प्रयत्नात ओळखलंत तर ५ डॉलर, दुसऱ्यात ४, असं उतरत सहाव्यात शून्य, आणि त्यापुढे तुम्हीच पैसे द्यायचे. खेळाल का? सरासरी ५.८ धरली तर प्रत्येक डावाला २० सेंटचा फायदा दिसतो, म्हणून उमेदवार ‘हो’ म्हणतो. बामर यांचं म्हणणं, उत्तर ‘नाही’ असायला हवं: तुम्ही ५० पासून सुरू करणार, मग २५ किंवा ७५, हे मला ठाऊक आहे, तेव्हा मी सातव्या प्रयत्नाला सापडणारा आकडाच मनात धरीन.

बोलणं बिनतोड वाटतं, पण यावर तोड आहे. पहिला आकडा ५० च असला पाहिजे असं कोणी सांगितलंय? ३७ ते ६४ मधला कुठलाही आकडा पहिला विचारा. पुढे नीट खेळलात तर सातची हमी तशीच राहते आणि सरासरीही ५.८ च राहते. कारण अशा कुठल्याही आकड्याने एका बाजूला जास्तीत जास्त ६३ आकडे उरतात, आणि ६३ आकडे सहा प्रयत्नांत संपतात. कधी ४१, कधी ५८, कधी ६२ असं बदलत राहिलात तर समोरच्याला तुमचा ‘अवघड’ आकडा आधीपासून हेरता येत नाही. भाच्याला तुमची ५० ची सवय कळली असेल, तर आजपासून एवढा बदल करा. याला काहीही खर्च नाही.

आता बुल-काऊ, माझा सगळ्यात आवडता. नियम ज्यांना ठाऊक नसतील त्यांच्यासाठी: समोरचा चार वेगवेगळ्या अंकांचा आकडा मनात धरतो, शून्य पहिलं असलं तरी चालतं. तुम्ही चार अंक सांगायचे. अंक बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर बुल; अंक आहे पण जागा चुकली असेल तर काऊ. कुठला अंक बुल, कुठला काऊ, हे सांगायचं नाही, फक्त किती ते सांगायचं.

एकूण आकडे ५०४०. समजा पहिला प्रयत्न १२३४. इथे नवखा आणि मुरलेला खेळाडू यांच्या चेहऱ्यातच फरक दिसतो. ‘शून्य बुल, शून्य काऊ’ आलं की नवखा हिरमुसतो, आणि ‘एक काऊ’ आलं की काहीतरी लागलं म्हणून खूश होतो. प्रत्यक्षात शून्य-शून्य आल्यावर ३६० आकडे उरतात आणि एक काऊ आल्यावर १४४०, चौपट. चारही अंक बाद होणं ही मोठी बातमी आहे.

एक डाव सबंध दाखवतो. लपवलेला आकडा ८२६५ आहे असं धरा. अर्थात खेळणाऱ्याला तो माहीत नाही.

पहिला प्रयत्न १२३४. उत्तर: १ बुल, ० काऊ. १, २, ३, ४ पैकी एकच अंक आकड्यात आहे आणि तो आपल्या जागेवरच आहे. असे आकडे ४८०.

दुसरा प्रयत्न १५६७. यात १ पहिल्या जागेवर ठेवून पाहिला आणि तीन नवे अंक तपासायला घेतले. उत्तर: १ बुल, १ काऊ. उरले ९०.

तिसरा प्रयत्न १८५०. आधीच्या दोन्ही उत्तरांत बसणारा आकडा. उत्तर: ० बुल, २ काऊ. बुल नाही म्हणजे १ गेला, आणि त्याच्यासोबत १ ने सुरू होणारे ३६ आकडे एका फटक्यात गेले. उरलेल्या ५४ मधलेही बरेचसे या उत्तरात बसत नाहीत. राहिले १७.

चौथा प्रयत्न ८५३६. उत्तर: १ बुल, २ काऊ. आता फक्त दोन आकडे उरले: ८२६५ आणि ६५८४. वही घेऊन पडताळून पाहा, हे दोन्ही चारही उत्तरांत चपखल बसतात.

इथे मात्र तर्काचे हात टेकले. दोघांत निवडायला काही आधार नाही. पाचव्यात सुटलं तर नशीब, नाहीतर सहावा. पण नशिबाच्या वाट्याला किती उरलं ते बघा: ५०४० पैकी २. तुम्ही चौथ्यात की नवव्यात असं विचारलंत, त्यातला चौथा नशिबाने येऊ शकतो. नववा येतो तो मात्र जवळजवळ नेहमी खेळण्यातल्या ढिलाईने, कारण उत्तम खेळलं तर या खेळात सातच्या वर जावं लागत नाही, हे संगणकावर सगळे आकडे तपासून सिद्ध झालेलं आहे. सरासरी ५.२ च्या थोडी वर. माणसाला वहीवर एवढं काटेकोर जमत नाही, पण सहा-सात ही अपेक्षा रास्त आहे.

ढिलाई कुठे होते? सगळ्यात जास्त इथे: दुसऱ्या प्रयत्नाचं उत्तर मिळाल्यावर पहिल्याचं विसरायचं. पाचवा आकडा सांगताना तो पहिल्या चारही उत्तरांशी जुळतोय का, हे पडताळायला अर्धा मिनिट लागतं, आणि मुलांना तेवढा धीर नसतो. माझ्या वर्गात मी एकच सक्ती करतो. आकडा सांगण्याआधी तो लपवलेला आहे असं समजून मागची सगळी उत्तरं स्वतःच द्यायची. एक जरी जुळलं नाही तरी तो आकडा तोंडातून काढायचा नाही. एवढं केलं तरी नऊ-दहावाले सहा-सातवर येतात.

आणि मग, ही सवय अंगात मुरली की, ती कधी मोडायची हेही शिकायला लागतं. समजा पहिले तीन अंक पक्के कळले, ८, ५, ३, आणि शेवटचा तेवढा राहिला. उरलेले अंक सात: ०, १, २, ४, ६, ७, ९. जुळणाराच आकडा विचारायचा म्हणून ८५३०, ८५३१, ८५३२ असं करत गेलात तर सात प्रयत्नही लागू शकतात. त्यापेक्षा ०१२४ विचारा. हा आकडा बरोबर असणं शक्यच नाही, तुम्हालाही ते ठाऊक आहे. पण उत्तरात बुल आला तर शेवटचा अंक ४, काऊ आला तर ०, १, २ पैकी, काहीच नाही आलं तर ६, ७, ९ पैकी. समजा काहीच आलं नाही. मग ८६३७ विचारा. ८ आणि ३ चे दोन बुल येणारच. वर तिसरा बुल आला तर ७, काऊ आला तर ६, दोन्ही नाही तर ९. पुढचा प्रयत्न अचूक. सातऐवजी तीन.

मुद्दाम हरणारा प्रयत्न करायचा हे मुलांना आधी पटत नाही, मोठ्यांनाही नाही. जिंकायची शक्यता शून्य असलेला आकडा का सांगायचा? कारण तो प्रयत्न जिंकायला नसतोच, विचारायला असतो. या खेळाचं रंगीत खुंट्यांचं भावंड म्हणजे मास्टरमाइंड, सहा रंग आणि चार भोकं, एकूण १२९६ रचना. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की कुठलीही रचना पाच प्रयत्नांत नक्की सुटते. त्यांच्या रीतीतही अधूनमधून असे बरोबर असूच न शकणारे प्रयत्न येतात, फक्त उरलेल्यांची नीट फाळणी व्हावी म्हणून.

आता काकांचा चार्ट.

मटक्याची मुळं मुंबईच्या कापूस बाजारात आहेत. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव इथे यायचे आणि त्यांच्यावर पैसे लागायचे. ते साधन बंद झाल्यावर कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये स्वतःचे मटके सुरू केले. पत्त्यांतून तीन पानं काढायची, ५, ३, ६ आली तर चढत्या क्रमाने ३५६ लिहायचं, बेरीज १४, तिचा शेवटचा अंक ४, म्हणून ओपन, म्हणजे पहिला निकाल, ४. क्लोज, म्हणजे नंतरचा निकाल, तसाच, आणि दोन्ही मिळून दोन अंकी जोडी. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली हे सगळं बेकायदा आहे, पण प्रश्न गणिताचा आहे म्हणून गणितच पाहू.

काकांचं अंकगणित कच्चं नसतं. एकूण पाने (३५६ सारखे तीन अंकी संच) २२०, प्रत्येक एकेरी आकड्याच्या वाट्याला बरोबर २२, चारचा कट (पाच मिळवून येणारा आकडा) नऊ, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं आणि ते बरोबरही असतं. पण हे झालं जुन्या आकड्यांचं वर्गीकरण. तुम्ही आकडा लावता आणि निकालापर्यंत समोरून काहीही कळत नाही. निकाल लागल्यावर कळतं ते संपलेल्या डावाबद्दल. उद्याचा आकडा नव्याने निघतो. आज ४ चुकला म्हणून उद्याच्या दहा आकड्यांतला एकही बाद होत नाही. वरच्या बुल-काऊच्या डावात पहिल्याच चुकीने ४५६० आकडे बाद झाले, इथे शून्य.

चार्टवर हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे ‘सात किती दिवस आलेला नाही, आता येणारच’. याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. वीस निकालांत एखादा ठरावीक आकडा एकदाही न येण्याची शक्यता १२ टक्के. पण आकडे दहा आहेत. त्यांतला कुठलातरी एक तरी वीस निकालांत गायब असण्याची शक्यता तब्बल ७८.५ टक्के. म्हणजे वीस ओळींचा कुठलाही चार्ट उचला, चारातल्या तीन वेळा त्यात एखादा रुसलेला आकडा सापडणारच. तो सापडला म्हणून काही शोध लागला असं नाही. न सापडता तरच नवल. आणि एकविसाव्या दिवशी तो येण्याची शक्यता? दहात एक, नेहमीसारखीच.

भाव बघा. एकेरी आकड्याला एकाला नऊ हा सर्रास चालणारा भाव. रोज १० रुपये याप्रमाणे शंभर वेळा लावले तर १००० रुपये गेले. सरासरी दहा वेळा लागणार, म्हणजे ९०० परत. जोडी शंभरात एक आणि भाव नव्वद धरला, तरी रुपयाला दहा पैसे तिथेही जातातच. कुठला आकडा लावता याने यात काहीही बदलत नाही, हरायचा वेग किती तेवढं तुम्ही किती पैसे लावता यावर ठरतं. आकडा पत्त्यांतून निघतच नाही, ज्यावर कमी पैसे लागलेत तो काढतात, असंही काका म्हणतील. ठीक, तसं धरू. मग तर चार्टची उरलीसुरली गरजही संपली, कारण निकाल आजच्या गल्ल्यावर ठरणार आणि तो हिशेब खेळवणाऱ्यापाशीच असणार.

उत्तर न देणाऱ्या खेळांत तर्काला एक छोटीशी फट आहे, तीही मटक्यात नाही, तर बक्षीस विजेत्यांत वाटून घ्यायच्या लॉटरीत. ४९ पैकी ६ आकडे निवडायचे असतील तर १,३९,८३,८१६ निवडी होतात आणि प्रत्येकीची शक्यता सारखीच. १, २, ३, ४, ५, ६ चीही. पण तीच निवड आणखी किती जणांनी केलीय, हे सारखं नसतं. लोक वाढदिवस लावतात, म्हणून ३१ पर्यंतच्या आकड्यांवर गर्दी. काही जण चिठ्ठीवर छान नक्षी दिसेल असे आकडे भरतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीत जानेवारी १९९५ मध्ये ७, १७, २३, ३२, ३८, ४२ हे आकडे निघाले आणि सर्वांत मोठं बक्षीस तब्बल १३३ जणांना लागलं. १ कोटी ६३ लाख पौंडांच्या रकमेतून प्रत्येकाच्या हाती साधारण १,२२,५०० पौंड पडले. गर्दी टाळून आकडे निवडले तर जिंकण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही. जिंकलातच तर वाटेकरी कमी असतील, एवढंच.